भय, चेतातंतू आणि पांढऱ्या पेशींचे स्थलांतर

मार्च 2020 मध्ये कलबुर्गी येथील एका वृद्ध गृहस्थांचे निधन झाले आणि करोनाने झालेला देशातील पहिला मृत्यू म्हणून त्याची नोंद झाली. त्यानंतर बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात घरोघरी रक्ततपासणीचे कागद येऊ लागले. ज्यांनी जीवशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नव्हते, तेही ‘लिम्फोसाइट उतरले’ असे धास्तावल्या स्वरात सांगू लागले. शब्द ओठी आला, अर्थ मात्र दूरच राहिला. मी वैद्य नव्हे, भाषेचा अध्यापक. तथापि शब्दाचा अर्थ लावणे हे माझे आयुष्यभराचे काम असल्याने हा प्रयत्न.

लिम्फोसाइट म्हणजे रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक वर्ग. शरीरातील एकूण लिम्फोसाइटांपैकी शेकडा दोनच्या आसपास तेवढ्या कोणत्याही क्षणी रक्तात असतात. उरलेल्या प्लीहा, लसीकाग्रंथी, अस्थिमज्जा, आतडी अशा ठिकाणी वस्तीस असतात. म्हणून रक्तातील आकडा हा आठवडी बाजारातील माणसे मोजण्यासारखा होय. बाजार ओस पडला म्हणजे गाव मेले, असे कोणी म्हणत नाही; माणसे शेतावर गेली असतील.

मग या पेशींना हलविते कोण? रोगजंतू आणि जखमा हलवितात, हे पूर्वीपासून ठाऊक होते. 1980 नंतरच्या दशकात अमेरिकेतील डेव्हिड फेल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, चेतातंतूंची टोके प्लीहेत व लसीकाग्रंथींत थेट या पेशींच्या शेजारी येऊन थांबतात. मेंदूची वर्दी तेथवर पोहोचते.

ही वर्दी दोन वाटांनी जाते. भय वाटताच अनुकंपी चेतासंस्था जागी होते. नॉरअॅड्रिनलिन व अॅड्रिनलिन ही द्रव्ये स्रवतात आणि काही मिनिटांतच प्लीहेतील व रक्तवाहिन्यांच्या भिंतींना बिलगलेल्या पेशी रक्तात उतरतात. दुसरी वाट संथ आहे. मेंदूच्या आज्ञेने अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडते. त्यानंतर लिम्फोसाइट रक्तातून निघून त्वचा, अस्थिमज्जा अशा ठिकाणी जातात व रक्तातील आकडा उतरतो. 1990 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फिरदौस धाभर व ब्रूस मॅकइवन यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, अल्पकाळाचा ताण त्वचेतील प्रतिकार वाढवितो, तर दीर्घकाळाचा ताण तो खच्ची करतो. पुढे 2014 साली जपानमधील संशोधकांना उंदरांत असे आढळले की, नॉरअॅड्रिनलिनच्या संकेताने लिम्फोसाइट लसीकाग्रंथींतच अडकून राहतात. म्हणजे चेतातंतू पेशींना धाडतात, तसेच रोखूनही धरतात. निरोगी माणसातही हे चालूच असते: पहाटे कॉर्टिसॉल चढते तेव्हा रक्तातील लिम्फोसाइट उतरतात आणि रात्री पुन्हा वाढतात.

यावरून करोनातील उतरलेला आकडा केवळ भीतीमुळे होता, असे मात्र समजू नये. तो आजारही पेशींचा ऱ्हास घडवितो. एका आकड्यामागे अनेक कारणे संभवतात, म्हणून त्याचा अर्थ वैद्यानेच लावावा, एवढाच येथे मुद्दा आहे.

या ज्ञानाला धारही आहे. डेक्सामेथासोन हे औषध कॉर्टिसॉलचेच कृत्रिम भावंड. 2020 साली ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटविले. परंतु ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना लाभ दिसला नाही. जे औषध भडकलेली प्रतिकारशक्ती आवरते, तेच अवेळी घेतल्यास पहारा ढिला करते. 2021 साली आपल्या देशात काळ्या बुरशीचा जो कहर झाला, त्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडांचा अविवेकी वापर ही प्रमुख कारणे होती.

चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचे अंतर, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या अनुभवामागील शरीरव्यापार आता थोडाफार उलगडला आहे. परंतु त्याचा आधार घेऊन ‘तू काळजी केलीस म्हणून आजारी पडलास’ असे रुग्णास ऐकविणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय क्रौर्यही आहे. भिणाऱ्याच्या पेशी त्याच्या आज्ञेत नसतात. त्याच्या उशाशी बसून त्याचे भय हलके करणे आणि औषध वैद्याच्या हाती सोपविणे, एवढे तर आपल्या हाती निश्चितच आहे.