दोन धारांच्या मधला दिवस

ज्या घराच्या दावणीला दुभती म्हैस आहे, त्या घराला मुक्कामाची सहल नसते. मोहोळच्या आसपासच्या वस्त्यांवर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वैरण-पाणी शेजारी बघतात, पेंड भिजवून ठेवता येते. पण म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही. तिला ओळखीचा हात, ओळखीचा आवाज आणि ठरलेली वेळ लागते. म्हणून आमच्या घराची सहल सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारेच्या मधे बसवावी लागते. श्रावणातल्या एका शनिवारी ती बसवली: तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट. भावकीतली चार घरं, ठरवलेली एक खासगी बस, आणि सगळ्या दिवसाचा हिशेब थोरल्या वहिनींच्या हातात.

पहाटे ४ वाजता गोठ्यातला दिवा लागला. एरवीच्या वेळेपेक्षा हे बरंच लवकर. पण वहिनींनी आठवडाभर आधीपासून धारेची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे आणली होती, त्यामुळे म्हशींनी कुरकुर केली नाही. दूध डेअरीला घालायचं काम शेजारच्या पोराकडे. रात्रीच करून ठेवलेले धपाटे, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा पिशवीत गेला. आत्या सगळ्यांत आधी तयार होऊन दारात बसल्या होत्या.

सव्वापाचला बस हलली. वहिनींनी चढतानाच ड्रायव्हरमामांना सांगितलं, "मामा, कुठंबी फिरवा, पर सांच्याला सातच्या आत धारंला पोचवा." मामा म्हणाले, "माझ्याबी घरी म्हस हाय, ताई." त्यानंतर वेळेबद्दल त्या दोघांना परत बोलावं लागलं नाही.

पुणे-सोलापूर रस्ता त्या वेळी मालट्रकांचा असतो. लांबोटीला सीना ओलांडली तेव्हा उजाडत होतं. चिवड्याची दुकानं उघडायची होती. मुलांना येताना घेण्याचा शब्द द्यावा लागला. सावळेश्वरचा टोलनाका, मग केगावचं विद्यापीठ, आणि सोलापूर शहरात न शिरता बस तुळजापूर रस्त्याला लागली. कोजागरीच्या सुमारास हाच रस्ता सोलापूरकडून पायी जाणाऱ्या माणसांनी भरून वाहतो. आत्या तरुणपणी चालत गेलेल्या. कुठल्या झाडाखाली पाय सुजले होते, हे त्यांनी खिडकीतून दाखवलं. झाड आता नाही, रस्ता रुंद झाला. त्यांना जागा मात्र बरोबर ठाऊक होती.

साडेसातला तुळजापूर. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा मुद्दाम टाळली होती, तरी रांग होतीच. बालाघाटाच्या उतारावरचं हे देऊळ रस्त्यापेक्षा खाली आहे. पायऱ्या उतरत जायचं, कल्लोळतीर्थ आणि गोमुखावर हातपाय धुवायचे आणि मग आत. इथली देवीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात, आणि नवरात्राआधीची निद्रा भाद्रपद वद्य अष्टमीपासून सुरू होते. रांगेत मुलं कंटाळली तेव्हा वहिनींनी त्यांना हेच सांगितलं: देवीलाही विश्रांतीचे दिवस ठरवून दिलेत. मला ते फार आवडलं. आमच्या घरात असे ठरलेले दिवस वहिनींना कुणी दिलेले नाहीत. वर्षात सणवार येतात, लग्नं येतात, आजारपणं येतात, आणि त्या सगळ्यांत दोन वेळची धार असतेच. दुधाच्या पैशातून घर चालतं असं आम्ही अभिमानानं म्हणतो. तेव्हा हेही म्हणायला हवं की ते एका बाईच्या न चुकणाऱ्या दोन वेळांवर चालतं.

साडेनऊला बसशेजारी धपाटे सोडले. लगेच निघालो.

११ वाजता नळदुर्ग. या भागातल्या सहली देवदर्शनाच्या असतात आणि किल्ला वाटेत 'जमलं तर' असतो. मी त्याच्यासाठी दोन तास मागून घेतले होते, आणि पुन्हा कुणी विचारलं तर तीन मागा असं सांगेन. बोरी नदीचं पाणी किल्ल्यातून जातं. नळदुर्ग आणि पलीकडचा रणमंडळ या दोन्हींच्या मधे दगडी बंधारा घातलाय, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल आहे: पाणीमहाल. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ साली तो बांधला गेला. बांधणाऱ्या मीर इमादीनचं नाव तिथल्या फारसी शिलालेखात आहे. पावसाळ्यात नदी चढली की पाणी बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी खाली कोसळतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आदल्या आठवड्यात पाऊस चांगला झाला होता, दोन्ही वाहत होते.

पाणीमहालात उतरलं की डोक्यावरून नदी जात असते आणि आपण कोरडे असतो. समोरच्या खिडकीबाहेर पाण्याचा पडदा, आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे कॅनॉलचं आवर्तन, बोअरची खोली, रात्रीची लाईट आणि मोटार. पाण्याचा आवाज कान भरून ऐकायला मिळणं आम्हाला नवीन. मुलं ओरडत होती, पुरुष बंधाऱ्याची उंची अंदाजत होते. चुलते शेततळी खोदणारे, जन्मभर बांध घातलेले. ते दगडांच्या सांध्यावर हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. चारशे वर्षं पुराचा मार खाऊन बांध जागेवर आहे, याचं मोल त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. वहिनी खिडकीपाशी बसल्या आणि निघायची हाक येईपर्यंत उठल्या नाहीत. त्यांना असं काही न करता बसलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

वर उपळी बुरुजावर जाऊन तोफा पाहिल्या. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला तेव्हा फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी इथे राहून कारभार पाहायचा. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ मध्येच गाजली होती. शेजारच्या अणदूरची एक गोष्ट चुलत्यांनी सांगितली: खंडोबा वर्षातला बराच काळ अणदूरला आणि उरलेला नळदुर्गला राहतो, आणि देव नेताना दोन्ही गावं लेखी करार करतात. भावकीच्या वाटण्या पाहिलेल्या आमच्या मंडळींना हा करार मनापासून पटला.

एकला निघालो, दोनच्या पुढे अक्कलकोट. स्वामी समर्थ १८५६ साली इथे आले आणि १८७८ मध्ये समाधी घेईपर्यंत इथेच राहिले. वटवृक्षाखाली दर्शन घेतलं, मग अन्नछत्रात महाप्रसाद. १९८८ पासून हे अन्नछत्र चालू आहे. पंगतीत बसल्यावर आत्यांनी वहिनींना ढकलून आधी बसवलं: "आज तुला वाढत्यात, जेव." ड्रायव्हरमामा जेवून बसमागच्या सावलीत थोडे झोपले. आम्ही मुलांना तिकडे फिरकू दिलं नाही. दिवसभर पन्नासेक जीव ज्याच्या डोळ्यांवर आहेत, त्याला ती झोप मिळालीच पाहिजे.

चारला परतीचा रस्ता. सोलापुरात सिद्धेश्वर तळ्यावर थांबू, असा मुलांचा आग्रह होता. वहिनींनी घड्याळ दाखवलं. लांबोटीला मात्र थांबलो, सकाळचा शब्द होता. शेंगदाणे घातलेला गरम चिवडा कागदात घेऊन पुन्हा बसमध्ये.

पावणेसातला वस्तीवर. म्हशी हंबरत होत्या. वहिनींनी जरीची साडी बदलायला तेवढा वेळ घेतला, हात धुतले आणि गोठ्यात शिरल्या. दूध रोजच्यापेक्षा कमी नव्हतं. डेअरी बंद व्हायच्या आत कॅन पोचला, फॅटची पावती आली.

जेवताना पुढच्या सहलीचा विषय निघाला. हत्तरसंग कुडल सगळ्यांना चालण्यासारखं: भीमा-सीनेचा संगम, शके ९४० चा मराठी शिलालेख, आणि अर्ध्या दिवसात परत. पण मुलांना समुद्र हवा होता. रत्नागिरी, थिबा राजवाडा, मिरकरवाड्याच्या बंदरात लागणाऱ्या होड्या. शाळेत कुणीतरी जाऊन आलेलं. एका बाजूचंच तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर, वाटेत आंबा घाट. दोन धारांच्या मधे ते बसत नाही. आत्या म्हणाल्या, "म्या समिंदर बगितला न्हाई." मग कुणी बोललं नाही.

धाकटी जाऊ ताटं उचलता उचलता म्हणाली, "थोरल्या बाई, उद्यापासनं सकाळची धार मी काढते. दिवाळीपस्तोर म्हशी माज्या हाताला येतील." वहिनींनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "काळीपासून सुरू कर. ती जरा गरीब हाय."