लॉक न घेता मेमरी

लिनक्सच्या कर्नेलमध्ये मेमरी वाटण्याचे काम ज्या भागाकडे असते, त्याची मुख्य ठेव म्हणजे मोकळ्या तुकड्यांची यादी. पहिल्या तुकड्याचा पत्ता कर्नेलजवळ असतो आणि पुढच्याचा पत्ता त्या तुकड्याच्याच पोटात लिहिलेला असतो. तुकडा रिकामाच असल्याने नोंदीसाठी वेगळी जागा लागत नाही. कोणी मेमरी मागितली की पहिला तुकडा काढून द्यायचा आणि यादीचे तोंड पुढच्याकडे वळवायचे. काम दोन-चार सूचनांचे आहे, आणि प्रोसेसरला एकच कोअर असेल व मध्ये कोणी लुडबुड करणार नसेल, तर ते बिनबोभाट चालते.

कोअर दोन झाले की घोळ सुरू होतो. यादीच्या तोंडाशी ‘क’ आहे, त्यामागे ‘ख’ आणि ‘ग’. पहिल्या कोअरने तोंड वाचले, मिळाला क. त्याने तोंड ख-कडे वळवण्याआधीच दुसऱ्या कोअरनेही ते वाचले. त्यालाही क-च मिळाला. दोघांनी तोंड ख-कडे वळवले आणि दोघेही तोच तुकडा घेऊन निघाले. एकाने त्यात उघडलेल्या फाइलची नोंद ठेवली, दुसऱ्याने नेटवर्कवरून आलेला मजकूर. गंमत अशी की त्या क्षणी काहीच होत नाही. यंत्र कोसळते ते बऱ्याच वेळाने, भलत्याच ठिकाणी, आणि तिथे शोधून मूळ कारणाचा मागमूस लागत नाही. हल्लेखोराच्या दृष्टीने तर एकच जागा दोन मालकांच्या हाती असणे ही पर्वणीच.

यावरचा जुना उपाय म्हणजे लॉक: यादीला हात लावण्याआधी ते घ्यायचे, काम झाले की सोडायचे. एका वेळी एकालाच प्रवेश देण्याच्या या प्रश्नाचे एट्झखर डाइक्स्ट्रा यांनी मांडलेले उत्तर १९६५ साली ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात छापून आले. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात बेल लॅब्जच्या केनेथ नोल्टन यांनी मेमरीवाटपाची ‘बडी’ पद्धत मांडली. लिनक्स आजही पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, वाटतो ती याच पद्धतीने. एक्स८६ यंत्रांवर पान ४०९६ बाइट्सचे असते. पाने एक, दोन, चार, आठ अशा दुपटीच्या गठ्ठ्यांत ठेवली जातात, प्रत्येक आकाराची यादी वेगळी. मोठा गठ्ठा गरजेप्रमाणे निम्मा केला जातो आणि परत आलेल्या गठ्ठ्याचा जोडीदार मोकळा असेल तर दोघांना पुन्हा जोडले जाते. या जोडाजोडीत एका यादीतून दुसरीत उड्या माराव्या लागतात. त्यामुळे प्रत्येक यादीला वेगळे लॉक देऊन भागत नाही, मेमरीच्या अख्ख्या झोनला एकच लॉक असते.

हे लॉक ‘स्पिनलॉक’ जातीचे असते. ते मिळेपर्यंत कोअर झोपत नाही, एका जागी गिरक्या घेत राहतो. हा वेळेचा अपव्यय वाटतो खरा, पण काम इतके लहान असते की झोपून उठण्यातच जास्त वेळ जाईल. शिवाय मेमरी कधी कधी इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारी हाक, हाताळतानाही लागते, आणि तिथे झोपायची मुभाच नसते. यातून आणखी एक पेच निघतो. कोअरने लॉक घेतले आणि त्याच कोअरवर इंटरप्ट आला. इंटरप्टच्या कामालाही मेमरी हवी, म्हणून तेही लॉकसाठी थांबले. आता इंटरप्ट संपल्याशिवाय मूळ काम पुढे सरकत नाही, आणि मूळ काम सरकल्याशिवाय लॉक सुटत नाही. म्हणून असे लॉक घेताना त्या कोअरवरचे इंटरप्ट तेवढ्यापुरते बंद केले जातात.

गर्दी वाढली की स्पिनलॉकचा खरा खर्च दिसतो. लॉकचा शब्द ज्या ६४ बाइट्सच्या कॅश लाइनमध्ये असतो, ती या कोअरकडून त्या कोअरकडे खेचली जात राहते. साध्या स्पिनलॉकमध्ये रांगही नसते, ज्याच्या हाती लागले त्याचे. २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२५ आवृत्तीत टोकनासारखे क्रमांक देणारे लॉक आले, तेव्हा अन्याय थांबला, खेचाखेच नाही. २०१५ च्या ४.२ आवृत्तीत प्रत्येक कोअर आपापल्या जागेकडे पाहत थांबेल अशी रचना आली. तिचे मूळ जॉन मेलर-क्रमी आणि मायकेल स्कॉट यांच्या १९९१ च्या संशोधनात आहे.

लॉक कितीही चांगले घडवले तरी थांबणे टळत नाही. मोठी सुधारणा झाली ती लॉकला हातच न लावण्याच्या वाटेने. किराणा दुकानदार रोजचा माल गल्ल्याशेजारी ठेवतो आणि गोदाम क्वचित उघडतो, तसे प्रत्येक कोअरजवळ मोकळ्या पानांचा छोटा साठा ठेवला जातो. तो संपला की झोनचे लॉक एकदाच घेऊन अनेक पाने उचलायची. पानापेक्षा लहान वस्तूंसाठी सन मायक्रोसिस्टिम्सच्या जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये ‘स्लॅब’ पद्धत मांडली. २००१ मध्ये त्यांनी आणि जोनाथन ॲडम्स यांनी तिला कोअरनिहाय साठ्यांची जोड दिली. लिनक्समध्ये सध्या चालतो तो २००७ मध्ये आलेला, क्रिस्टोफ लामेटर यांचा ‘स्लब’.

स्लबच्या नेहमीच्या वाटेवर २०११ पासून लॉक नाही आणि इंटरप्टही बंद करावे लागत नाहीत. ‘तोंडाशी अजून क-च असेल तर तिथे ख लिही’ ही तुलना आणि बदल प्रोसेसर एकाच अखंड सूचनेत करतो. पण एवढ्याने भागत नाही. कोअरने क वाचला, त्यामागचा ख वाचला, आणि तेवढ्यात इंटरप्टने क काढला, ख-ही काढला आणि क परत ठेवला. आता तोंडाशी पुन्हा क आहे. तुलना जुळते आणि वापरात असलेला ख यादीच्या तोंडाशी जाऊन बसतो. म्हणून स्लब पत्त्यासोबत एक चढता आकडा ठेवतो आणि दोन्ही मिळून १६ बाइट्स एकदम तपासतो. यादीला हात लागला की आकडा पुढे सरकतो, त्यामुळे मधली ढवळाढवळ लपत नाही. त्या आकड्यात कोअरचा क्रमांकही गुंफलेला असतो. काम मध्येच दुसऱ्या कोअरवर हलवले गेले असेल तरी ते पकडले जाते. नोंद त्या कोअरचीच असल्याने इतर कोअरना अडवून धरावे लागत नाही, म्हणून ही सूचना स्वस्तात पडते. या सगळ्या व्यवहारातला हा सर्वांत देखणा तुकडा.

किंमत अर्थातच मोजावी लागते. शेकडो कोअरच्या यंत्रात प्रत्येकाजवळ थोडी थोडी मेमरी अडकून राहते, आणि टंचाई आली की सगळ्यांचे साठे रिकामे करवून घ्यावे लागतात. एका कोअरवर घेतलेली वस्तू दुसऱ्यावर परत केली तर जलद वाट सहसा चुकते. २०२४ च्या ६.१२ आवृत्तीपासून मुख्य लिनक्समध्ये सुरू करता येणाऱ्या रिअल-टाइम रूपात बहुतेक स्पिनलॉक झोपू शकणारे होतात, त्यामुळे जिथे खरोखरच झोपता येत नाही तिथे नेहमीच्या पद्धतीने मेमरी मागण्याचीच सोय राहत नाही.

मागणाऱ्याच्या हातातले लॉकही घात करते. फाइल सिस्टिमने स्वतःचे लॉक धरून मेमरी मागितली आणि मेमरी शिल्लक नसली, तर कर्नेल जागा मोकळी करायला निघतो. त्यासाठी कधी त्याच फाइल सिस्टिमला हाक मारावी लागते, आणि तिला तेच लॉक हवे असते. हे टाळायला मागणीसोबत ‘जागा मोकळी करताना फाइल सिस्टिममध्ये शिरू नये’ अशी खूण पाठवता येते. खूण विसरली तरी एरवी काही बिघडत नाही. मेमरी भरली की मात्र सगळे ठप्प. इंगो मोलनार यांचे ‘लॉकडेप’ हे २००६ मध्ये कर्नेलमध्ये आलेले तपासनीस साधन लॉक कोणत्या क्रमाने घेतली जातात याची नोंद ठेवते. जागा मोकळी करण्याच्या कामालाही ते एक काल्पनिक लॉक मानते, त्यामुळे कोंडी प्रत्यक्षात घडलेली नसतानाही उलटा क्रम दिसताच ते इशारा छापते.