गळ्यात मारलेला विमा आणि मुदत संपलेलं कर्ज



मागच्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या पलटणीतले एक निवृत्त सुभेदार महूला माझ्या घरी आले. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पण नोकरीनंतर इकडेच स्थायिक झालेले. चहा झाला तरी गप्प. मग पिशवीतून एक कागद काढला आणि म्हणाले, "साहेब, यावर सही करू का?"

कागद बँकेच्या वसुली एजंटानं दिलेला होता. 'मी माझं थकीत कर्ज मान्य करतो आणि ते फेडण्याचं वचन देतो,' असं त्यात लिहिलेलं. सोबत पाच हजार रुपये 'टोकन' भरायचे. सही केली नाही तर पेन्शन जप्त होईल, असंही त्यानं सांगितलं होतं.

मी म्हटलं, "सुभेदार साहेब, सही शेवटी. आधी हिशेब. सगळे कागद घेऊन या."

आजचा भाग त्या कागदांतून जे निघालं त्यावर आहे. अशी फाइल तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला की हैदराबादला, कायदा सगळीकडे एकच आहे.

कागदांत काय निघालं

जून २०१६ मध्ये मुलाच्या मोबाइलच्या दुकानासाठी सुभेदारांनी चार लाखांचं पर्सनल लोन मागितलं. मंजुरीपत्रात आकडा होता ४,२०,००० रुपये. वरचे वीस हजार कशाचे? कर्जाच्या विम्याचा एकरकमी प्रीमियम. तो पैसा सुभेदारांच्या हातात आलाच नाही. कर्जात मिळवून थेट विमा कंपनीकडे गेला.

त्यांना विचारलं, "विमा घेतला होता का?" म्हणाले, "साहेब, त्यांनी दहा-बारा ठिकाणी सह्या घेतल्या. विम्याशिवाय लोन पास होत नाही म्हणाले."

हे खरं नाही. कर्ज हवं असेल तर आमच्याच कंपनीचा विमा घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. त्यापुढचा प्रकार आणखी वाईट होता. विम्याच्या अर्जात 'मला कोणताही आजार नाही' या ओळीपुढे खूण केलेली होती. सुभेदारांना तेव्हा मधुमेह होता आणि गोळ्या चालू होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. उद्या काही बरंवाईट झालं असतं, तर याच खुणेवर बोट ठेवून क्लेम अडवला गेला असता.

आता वीस हजारांचा हिशेब बघा. १४ टक्के व्याज, ६० हप्ते. या वीस हजारांमुळे दर हप्त्यात सुमारे ४६५ रुपये वाढले. पाच वर्षं पूर्ण भरले असते तर विमा जवळजवळ २७,९०० रुपयांना पडला असता. प्रीमियमवर व्याज भरायचं आणि ते भरतोय हे आपल्याला माहीतही नसायचं, असा हा सगळा व्यवहार.

कर्जाचा विमा वाईटच असतो, असं मी म्हणत नाही. घराचं मोठं कर्ज आहे, कमावणारा एकच आहे, तर विमा हवाच. पण तो विचारून, समजावून आणि आजाराची खरी माहिती लिहून घेतलेला असावा.

कर्जाची मुदत संपली म्हणजे काय

दुकान बसलं. शेवटचा, म्हणजे तिसावा हप्ता डिसेंबर २०१८ मध्ये गेला. मार्च २०१९च्या मध्यावर बँकेनं सगळी रक्कम परत मागणारी नोटीस पाठवली. त्यानंतर बँकेनं कोर्टात दावा लावला नाही.

मुदतीचा कायदा १९६३चा. अशा विनातारण कर्जासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. गहाणाच्या कर्जाची गोष्ट वेगळी, तिथे बारा वर्षं आहेत. मग सुभेदारांच्या कर्जाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली का? नाही. इथेच बरेच जण चुकतात. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. नोटिशीपासून १५ मार्च २०२० पर्यंत एक वर्ष गेलं. उरलेली दोन वर्षं १ मार्च २०२२ पासून सुरू झाली आणि मार्च २०२४च्या सुमारास संपली. एजंट आला २०२५ मध्ये. म्हणजे त्या दिवशी बँकेला कोर्टातून हे कर्ज वसूल करता येत नव्हतं.

पण मंडळी, कर्ज संपलेलं नव्हतं. मुदत संपली की कोर्टाचा दरवाजा बंद होतो, देणं पुसलं जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं बॉम्बे डाइंगच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. बँक पत्र पाठवू शकते, सभ्यपणे मागू शकते. थकबाकीची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये राहू शकते.

बँक काय करू शकत नाही, तेही ऐका. एजंटानं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. आणि पेन्शन? पेन्शन कायदा १८७१ आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० यांनी पेन्शनला जप्तीपासून संरक्षण दिलं आहे. 'पेन्शन जप्त करू' ही निव्वळ भीती होती.

सहीचा सापळा

मग एजंटाला त्या एका सहीची एवढी घाई का?

भारतीय करार कायदा १८७२, कलम २५, तिसरा भाग. मुदत संपलेलं कर्ज फेडण्याचं वचन कर्जदारानं लेखी, सही करून दिलं, तर तो नवा करार ठरतो. म्हणजे बंद झालेला कोर्टाचा दरवाजा आपणच आतून उघडून देतो.

मुदत संपायच्या आधीचे नियम वेगळे आहेत. मुदतीच्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मुदतीच्या आत कर्ज लेखी मान्य केलं, की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. त्यासाठी वचनसुद्धा लागत नाही, नुसती कबुली पुरते. कलम १९ प्रमाणे मुदतीच्या आत थोडी रक्कम भरली आणि त्याची आपल्या अक्षरातली किंवा सहीची नोंद असली, तरी तेच होतं.

म्हणून विम्याच्या पैशासाठी तक्रार लिहितानाही शब्द जपून वापरा. 'माझ्या थकीत कर्जावरील विमा' असं रागाच्या भरात लिहून जाल आणि तीच कबुली होईल. साधं लिहा: 'अमुक क्रमांकाच्या खात्यातून अमुक तारखेला विम्याच्या नावानं वजा झालेल्या रकमेबाबत तक्रार. या पत्रानं मी कोणतंही देणं मान्य करत नाही.'

परत मिळालेला पैसा कुणाच्या खिशात

हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर ब्रिटनमध्ये लढला गेला, म्हणून दोन मिनिटं तिकडे जाऊ. तिथे कर्ज आणि क्रेडिट कार्डाबरोबर 'पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स', म्हणजे पीपीआय, लाखो लोकांच्या गळ्यात मारला गेला. नोकरी गेली तर हप्ता विमा भरेल, असं सांगून तो निवृत्त लोकांना आणि स्वतःचा धंदा असलेल्यांनाही विकला. त्यातल्या अनेकांना क्लेम मिळणं शक्यच नव्हतं. एप्रिल २०११ मध्ये बँका हायकोर्टात हरल्या. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्लेविन खटल्यात सांगितलं, की प्रीमियमच्या सत्तर टक्क्यांहून जास्त कमिशन लपवणं हा ग्राहकावर अन्याय आहे. तक्रारीची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ ठरली, आणि एकूण ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम लोकांना परत गेली.

पण ज्यांचं कर्ज थकलेलं होतं, त्यातल्या अनेकांच्या हातात काही आलं नाही. कर्ज कोर्टातून वसूल होण्यासारखं नसलं, तरी बँकांनी परताव्याची रक्कम त्याच कर्जाच्या थकबाकीत वळती केली. देणं पुसलं गेलेलं नव्हतं ना!

आपल्याकडेही हा धोका आहे. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं होतं. जामीनदारानं तारण दिलेली मुदत ठेव बँकेनं मुदतबाह्य कर्जात वळती केली होती. न्यायालयानं ते चुकीचं मानलं नाही. दावा लावता येत नाही, पण हातात असलेल्या तारणातून वसुली करता येते.

त्यामुळे तक्रारीआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: प्रीमियम कुठून गेला? खिशातून भरला असेल तर परतावा खात्यात मागा. कर्जातच मिळवला असेल, तर कर्जाचा आकडा तेवढा कमी करून घेणं हाच खरा परतावा. रोख मिळेल या आशेवर राहू नका.

घड्याळ दोघांसाठी चालतं

मुदतीचं घड्याळ बँकेवर चालतं, तसं आपल्यावरही चालतं.

नवी पॉलिसी असेल तर कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. कर्ज मुदतीआधी फेडलं असेल, तर उरलेल्या काळाचा प्रीमियम पॉलिसीच्या अटींप्रमाणे मागा. आपणहून कुणी आणून देत नाही.

फसवून विकला असेल तर बँक आणि विमा कंपनी, दोघांकडेही लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तीस दिवस वाट बघा. उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आणि विमा कंपनीविरुद्ध विमा लोकपाल आहे. दोन्हीकडे फी नाही, वकील लागत नाही. विमा लोकपालाकडे नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. उशिराचं सबळ कारण दिलं तर आयोग तो माफ करू शकतो. फसवणूक लपवलेली असेल, तर ती लक्षात आल्यापासून मुदत मोजावी, असं मुदतीच्या कायद्याचं कलम १७ सांगतं. पण ती केव्हा कळली, हे आपल्याला दाखवावं लागतं.

सुभेदारांनी काय केलं

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "सुभेदार साहेब, कायद्यानं आज तुम्हाला कुणी पैसे भरायला लावू शकत नाही. गप्प बसलात तरी चालेल."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, घेतलेले पैसे द्यायचे. पण न घेतलेले नाही."

मग आम्ही हिशेब मांडला. तीस हप्त्यांनंतर मुद्दल उरलं होतं सुमारे २,४६,००० रुपये. त्यात विम्याच्या वाट्याचे ११,७००. शिवाय तीस हप्त्यांतून विम्यापोटी १४,००० आधीच गेले होते. एकूण २५,७००. अर्जावरची खोटी खूण, मंजुरीपत्र आणि उपचाराचे जुने कागद जोडून तक्रार दिली. दोन महिने पत्रव्यवहार झाला. शेवटी बँकेनं विम्याची रक्कम वजा करून आणि नंतरचं व्याज व दंड सोडून २,२०,००० रुपयांत, सहा हप्त्यांत तडजोड मान्य केली.

आणि मग सुभेदारांनी सही केली. तीही वचनाचीच सही होती, तिनंही देणं जिवंत झालं. पण त्या कागदावर आकडा पक्का होता, तारखा होत्या, आणि शेवटचा हप्ता भरताच 'नो ड्यूज' पत्र देऊन क्रेडिट कंपन्यांना कळवण्याची बँकेची जबाबदारी लिहिलेली होती. एजंटाच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं.

तुम्हीही आज एवढं करा. जुन्या कर्जाचं मंजुरीपत्र आणि पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट काढा. हातात आलेली रक्कम आणि कर्जाची रक्कम यांत फरक दिसला, तर तो कशाचा आहे ते लेखी विचारा. नवं कर्ज घेत असाल, तर १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेनं 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे. विम्याचा खर्च त्यात दिसलाच पाहिजे. तो कागद वाचल्याशिवाय पेनाचं टोपण काढू नका.

सुभेदारांचं 'नो ड्यूज' पत्र या जानेवारीत आलं. ते त्यांनी फ्रेम करून सर्व्हिसच्या मेडल्सशेजारी लावलंय. मी हसलो, तर म्हणाले, "साहेब, हेसुद्धा कमावलेलंच आहे."

जय हिंद.