खरेदीच्या वाटेवरचे चकवे

‘फक्त २ नग शिल्लक’, ‘ऑफर संपायला ०९:५९ मिनिटं’. पान बंद करून पुन्हा उघडलं, की घड्याळ परत पहिल्यापासून! अशा क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव ब्रिटिश डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांवर बंदी घातली. खोटी घाई हा त्यातला एक. न मागितलेली देणगी गुपचूप बिलात सरकवणं, शेवटच्या पायरीवर शुल्क वाढवणं, सदस्यत्व घेणं एका टिचकीचं पण सोडणं महाकठीण, हेही त्यात येतं. सगळ्यांत लबाड प्रकार मात्र लाजवण्याचा. विमानाच्या तिकिटासोबतचा विमा नको असेल, तर ‘मी असुरक्षितच राहीन’ अशा मजकुराचं बटण दाबायचं. (कोपऱ्यावरचा वाणीही गिऱ्हाइकाला इतकं टोचून बोलत नसे.)

२०२३ च्याच डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, काही अपवाद सोडता, १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई करणारी तरतूद आहे.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५. जाहिरातींचे फोन आणि एसएमएस थांबवण्यासाठी : १९०९.