टेकडी कशी उरली?

चंद्रपूरहून नागपूरकडे जाताना वाटेत भद्रावती लागते. भांदक हे या गावाचे जुने नाव. गावाजवळच विंजासन नावाची एक बुटकी टेकडी आहे. तिच्या पोटात प्राचीन बौद्ध लेणी कोरलेली आहेत. एक बोळ सरळ आत सुमारे ७० फूट गेलेला आहे आणि त्याच्या टोकाशी गाभाऱ्यात बुद्धाची बसलेली मोठी मूर्ती आहे. पुराणवस्तुसंशोधक अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात या भागात आले होते आणि त्यांनी या लेण्यांची तपशीलवार नोंद केली.

लेणी पाहून लोक परत फिरतात. तुम्ही मात्र तेवढ्यावर थांबू नका. टेकडीच्या माथ्यावर जा. चढण सोपी आहे; धडधाकट मुलाला तेथे पोचायला फार वेळ लागत नाही. वर उभे राहून चहूकडे पाहा. वर्धा नदीच्या खोऱ्यातला मुलूख दूरवर सपाट पसरलेला दिसेल. मग मनात प्रश्न येईल, की एवढ्या सपाटीत ही टेकडी आली कोठून?

वर्गात हा प्रश्न विचारला, तर बहुतेक मुले म्हणतील, "भूकंप झाला असेल आणि जमीन वर आली असेल." एखादा म्हणेल, "ज्वालामुखी असेल." हिमालय खरोखरच वर उचलला गेला आहे आणि आजही थोडाथोडा उचलला जात आहे. पण विंजासनची गोष्ट उलटी आहे. ही टेकडी वर आली नाही. तिच्याभोवतालची जमीन खाली गेली!

अंगणातली टेकडी

हे कसे घडते ते पाहायला लांब जायला नको. पावसाळ्यात एखादी जोराची सर येऊन गेली, की उघड्या मातीच्या ढिगापाशी जा आणि वाकून नीट पाहा. मातीचे बोट-बोट उंचीचे खांब उभे दिसतील आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एखादा खडा असेल. हे खांब कोणी रचले? कोणीच नाही. पावसाने भोवतालची माती वाहून नेली. खड्याने आपल्याखालची माती मात्र वाचवली. खांब वाढला नाही, तो उरला.

टेकडीचेही असेच आहे. उन्हाने खडक तापतो, रात्री निवतो. भेगांत पाणी शिरते. मुळे भेगा रुंद करतात. हवा आणि पाणी खडकातील काही खनिजे कुजवतात. या सर्व क्रियांना विदारण म्हणतात. सुटा झालेला चुरा ओढ्यांतून वर्धेत जातो. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी तो गाळ बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते. मऊ खडक लवकर झिजतो, कणखर खडक उशिरा. लाखो वर्षांनी मऊ खडकाच्या जागी सपाटी होते आणि कणखर खडक टेकडी म्हणून शिल्लक राहतो.

विंजासनचा खडक वालुकाश्म आहे. पडलेला एखादा तुकडा हातात घ्या. बोटांना वाळूचे कण लागतील. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी या भागात मोठ्या नद्या वाहत होत्या. त्यांच्या वाळूचे थर साचले, दबले आणि लोहयुक्त द्रव्याने कण एकमेकांना चिकटले. तांबूस रंग त्या लोहाचाच. या खोऱ्यात ज्या थरांतून दगडी कोळसा निघतो, ते थर याहूनही जुने असून अशा वालुकाश्माच्या खाली असतात. वाळूचे कण घट्ट सांधलेले म्हणून टेकडी उरली. तरीही छिन्नीने कोरता येण्याइतपत दगड मऊ, म्हणून तिच्यात लेणी झाली. एकाच दगडाच्या गुणाने भूगोल आणि इतिहास दोन्ही घडले, असे म्हणायला हरकत नाही.

उंची मोजू या

टेकडी उरलेली असेल, तर तिची उंची म्हणजे भोवतालची किती जमीन नाहीशी झाली याचे माप होय. निदान तेवढी तरी गेलीच. माथाही झिजला असणार, म्हणून प्रत्यक्षात अधिक. हे माप घरच्या साधनांनी घेता येते.

मोठा कोनमापक घ्या. त्याच्या सरळ कडेवर एक पोकळ नळी चिकटवा. मध्यबिंदूतून दोरा सोडून टोकाला छोटासा दगड बांधा. झाला तुमचा उंचीमापक. नळीतून माथ्याकडे पाहा आणि दोरा ९० च्या खुणेपासून किती अंश सरकला ते मित्राला वाचायला सांगा. तोच माथ्याचा कोन.

टेकडीला उतार असतो. त्यामुळे माथ्याच्या बरोबर खालच्या बिंदूपर्यंतचे अंतर टेप लावून मोजता येत नाही. यावर उपाय सोपा आहे. सपाट जागी, टेकडीच्या दिशेने एका रेषेत दोन ठिकाणे निवडा आणि दोन्हीकडून कोन घ्या. समजा, जवळच्या ठिकाणाहून कोन २० अंश आला, तेथून ५० मीटर मागे सरकल्यावर १५ अंश आला. आता वहीत १ सेंटीमीटरला १० मीटर असे प्रमाण घेऊन आडवी रेषा काढा. तिच्यावर ५ सेंटीमीटर अंतरावर दोन बिंदू घ्या. मागच्या बिंदूतून १५ अंशांची आणि पुढच्यातून २० अंशांची तिरपी रेषा काढा. दोन्ही जेथे मिळतील तो माथा. आडव्या रेषेपासून त्याची उंची सुमारे ५.१ सेंटीमीटर भरेल, म्हणजे ५१ मीटर. त्यात तुमच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मिळवा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. १५ ऐवजी चुकून १५.५ अंश वाचले, तर उत्तर ५१ ऐवजी ५८ मीटर येते! अर्ध्या अंशाने सात मीटरांचा फरक. म्हणून प्रत्येक कोन निदान पाच जणांनी वाचावा आणि सरासरी काढावी. दोन ठिकाणांतील अंतर वाढवले तरी चूक कमी होते. ते का, हे आकृती काढून शोधा.

लोखंडाची टेकडी

सर्वच टेकड्या वालुकाश्मामुळे उरल्या असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातच लोहारा येथे लोहखनिजाची टेकडी आहे. जुन्या नोंदींत तिचे माप सुमारे ६०० मीटर लांब, १८० मीटर रुंद आणि ३५ मीटर उंच असे दिले आहे. हेमॅटाइट हे लोहाचे खनिज मुळातच ऑक्सिजनशी संयोग पावलेले असते. जे आधीच 'गंजलेले' आहे, ते आणखी काय गंजणार! म्हणून ऊनपावसापुढे ते टिकते.

हा दगड ओळखणे अवघड नाही. तो वालुकाश्माच्या जवळजवळ दुप्पट जड लागतो. फुटक्या कपाच्या बुडाची न चकाकणारी कड त्याच्यावर घासली, तर तांबूस-तपकिरी रेघ उमटते.

या टेकडीने एकदा देशाच्या उद्योगाचे लक्ष वेधले होते. १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल आला. लोहाऱ्याचे लोहखनिज उत्तम आहे आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ आहे, हे वाचून येथेच पोलादाचा कारखाना काढावा असे त्यांना वाटले. पण वरोऱ्याचा कोळसा चाचणीत उतरला नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांच्या वतीने सी. एम. वेल्ड या अमेरिकन तज्ज्ञाने या भागाची पाहणी केली. खनिज कसदार होते, पण मोठ्या कारखान्याला वर्षानुवर्षे पुरेल एवढे नव्हते. शोध पूर्वेकडे सरकला आणि कारखाना आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. तेथे १९१२ साली पोलाद तयार होऊ लागले. टेकडी किती मोठी, या साध्या मोजमापावर केवढा निर्णय अवलंबून होता पाहा!

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यातला सूरजागडचा डोंगरही लोहखनिजाचाच. आज तेथे खाण चालू आहे. ज्या कणखरपणामुळे डोंगर उरला, त्याच द्रव्यासाठी तो खोदला जातो.

येथे एक हिशोब करा. समजा, ऊनपाऊस जमीन वर्षाला एक मिलिमीटरचा शंभरावा भाग एवढी झिजवतो. तर ५० मीटर जमीन जायला किती वर्षे लागतील? उत्तर येते ५० लाख वर्षे. यंत्रांनी तेवढीच टेकडी काही वर्षांत सपाट होते. लोखंड आपल्या सर्वांनाच लागते. पण खर्च काय झाला, हे ठरवताना हा आकडाही वहीत असावा.

चढताना झाडे पाहा

जंगलातील टेकडीवर झाडेही तुम्हाला खडकाची हकिकत सांगतील. पायथ्याशी माती खोल असते. तेथे साग, ऐन, मोह चांगले उंच वाढतात. वर माती पातळ, पाणी लगेच निथळून जाणारे. तेथे सालई आणि पांढुरक्या सालीचा कुलू खडकाला धरून उभे असतात. दर दहा-पंधरा मीटर चढल्यावर थांबा, मातीत काडी खुपसून खोली मोजा आणि जवळच्या झाडाचे नाव लिहा. माथ्यापर्यंत पोचेपर्यंत छानसा तक्ता तयार होईल.

निघण्यापूर्वी

हिवाळ्यातली सकाळ निवडा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांपर्यंत जातो. तेव्हा चढू नका. शिक्षक आणि वाट माहीत असलेला गावकरी बरोबर हवाच. जंगलात जायचे असेल, तर वनखात्याची परवानगी घ्या. आपले जंगल वाघ-अस्वलांचे आहे. सर्वांनी एकत्र राहावे आणि ऊन उतरण्यापूर्वी परतावे. कड्याला आग्यामोहोळ दिसले, तर आवाज, धूर, दगड काही नको. तेथूनच मागे फिरा. माश्या अंगावर आल्याच, तर तोंड झाकून ताबडतोब दूर पळा. लेण्यांत नावे कोरू नका, दगड फोडू नका. तपासायला खाली पडलेला तुकडा पुरतो.

विंजासन दूर असेल, तर तुमच्या गावाजवळची कोणतीही टेकडी चालेल. तिचा दगड कोणता, उंची किती आणि भोवतालचा दगड कोणता, या तीन नोंदी करा. मग ती का उरली, याचे उत्तर तुमचे तुम्हालाच देता येईल.