दर बदलला, प्रोग्रॅम नाही

२०२१ चा शेवटचा दिवस सुरतच्या कापडबाजाराला चांगलाच आठवत असेल. १ जानेवारीपासून कापडावरचा जीएसटी ५ वरून १२ टक्के होणार होता. अधिसूचना निघाली होती, व्यापाऱ्यांचा विरोध चालू होता आणि ३१ डिसेंबरला जीएसटी परिषदेने ती वाढ पुढे ढकलली. बिलं बनवणाऱ्या संगणकांना आयत्या वेळी सांगायचं होतं, ‘बारा नको, पाचच राहू दे.’

असा दर प्रोग्रॅमच्या आतच लिहिलेला असेल, तर आधी इंजिनिअरला शोधा! तोच वेगळ्या, साध्या फाइलमध्ये असेल, तर पेढीवरचे हिशेबनीसकाका नोटपॅड उघडून स्वतः बदलतील. या फाइलला आम्ही कॉन्फिगरेशन फाइल म्हणतो.

सुरतकरांना ही कल्पना नवी नाही. जेकार्ड लूमवर नक्षी असते छिद्रं पाडलेल्या कार्डांच्या माळेत. कार्डं बदलली की नक्षी बदलते, माग तोच राहतो. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जेकार्डने ही युक्ती १८०४ च्या सुमारास यशस्वी केली. आजच्या इलेक्ट्रॉनिक जेकार्डमध्ये कार्डांच्या जागी डिझाइनची फाइल असते.

आपली फाइल अशी दिसेल:

[यार्न]
दर = ५
लागू = २०२५-०९-२२

पायथनमधलं कॉन्फिगपार्सर ती वाचतं. ते पायथनसोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. पण मी नव्या मुलांना चार गोष्टी आवर्जून सांगतो.

एक, फाइलमधून आलेला ५ हा आकडा नसतो, अक्षर असतं. त्याला हजाराने गुणलं, तर पायथन कुरकुर न करता हजार वेळा ५ लिहून देतो. म्हणून ‘गेटफ्लोट’ वापरा. देवनागरी ५ सुद्धा त्याला बरोबर कळतो.

दोन, फाइल जागेवर नसेल, तर कॉन्फिगपार्सरचं ‘रीड’ गप्प बसतं. फाइल खरंच वाचली गेली का, हे आपणच तपासायचं. दर मिळाला नाही तर शून्य धरू नका, प्रोग्रॅम थांबवा. चुकीच्या बिलापेक्षा न निघालेलं बिल बरं.

तीन, मराठी-गुजराती नावं असतील तर फाइल उघडताना यूटीएफ-८ लिहा. नाहीतर विंडोजवर अक्षरांची खिचडी होऊ शकते.

चार, पासवर्ड या फाइलमध्ये ठेवून ती गिटवर चढवू नका.

आणि दराबरोबर तारीख का? २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम यार्नवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. त्याआधीचं बिल पुन्हा छापायचं तर १२ च हवेत. म्हणून जुना दर पुसू नका, त्याच्या तारखेसह राहू द्या.

कॉलेजच्या प्रोजेक्टला बसाल, तेव्हा प्रत्येक आकड्याला विचारा: तुला बदलणार कोण? उत्तर ‘मी’ नसेल, तर त्या आकड्याची जागा कोडमध्ये नाही.