धूर कोणी अडवायचा?

तालुक्याच्या गावी पावसाळ्यात एस.टी.ची वाट पाहत उभे राहिले, की एक प्रसंग हमखास दिसतो. छपराखाली माणसे दाटीने उभी असतात आणि त्यांतला कोणीतरी विडी पेटवतो. शेजारची बाई नाकाला पदर लावते, तिच्या कडेवरचे मूल खोकते, पण बोलत कोणीच नाही. भिंतीवर 'धूम्रपान निषिद्ध' असा फलक असतो. मग हा कायदा अमलात आणायचा तरी कोणी? 'पोलिसांनी' असे उत्तर बहुतेक जण देतील. ते चूक नाही, पण अपुरे आहे. ज्यांच्यावर हे काम सोपवले आहे, त्यांत आपल्या मुख्याध्यापकांचाही समावेश आहे.

धूर खिडकीतून जात नाही का?

कायद्याकडे वळण्यापूर्वी धुराचा विचार करू. पेटलेल्या सिगारेटमधून दोन प्रकारचा धूर निघतो. एक ओढणाऱ्याच्या फुप्फुसांतून बाहेर येतो, तर दुसरा दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकापासून थेट हवेत मिसळतो. नुसत्या धुमसणाऱ्या टोकाचे तापमान झुरक्याच्या वेळेपेक्षा कमी असते, त्यामुळे तेथे ज्वलन अपुरे होते. परिणामी या दुसऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व अमोनिया यांसारखे वायू अधिक असतात. शेजारच्या माणसाच्या वाट्याला मुख्यतः हाच धूर येतो.

या धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ०.३ मायक्रॉन व्यासाच्या कणाला स्थिर हवेत एक मीटर खाली येण्यास दोन ते तीन दिवस लागतात. म्हणजे धूर आपोआप 'खाली बसत' नाही. हवा बदलली तरच तो जातो.

आता एक सोपे गणित करू. शिक्षकांची खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद व ३ मीटर उंच आहे असे धरू. तिचे घनफळ ६० घनमीटर होते. एका सिगारेटमधून सुमारे १० मिलिग्रॅम सूक्ष्म कण बाहेर पडतात. ते खोलीभर पसरले, तर दर घनमीटरला सुमारे १६७ मायक्रोग्रॅम होतात. अशा सूक्ष्म कणांसाठी भारताचे २००९ चे मानक चोवीस तासांच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅम इतके आहे. क्षणिक मोजमाप आणि दिवसभराची सरासरी यांची थेट तुलना करता येत नाही, पण अंदाज येण्यास एवढे पुरे. खिडकी किलकिली असून खोलीतली हवा तासाला एकदा बदलत असेल, तरी तासानंतर सगळा धूर गेलेला नसतो. नवी हवा जुन्या हवेत मिसळत राहते, म्हणून सुमारे ३७ टक्के धूर उरतो आणि दोन तासांनी १४ टक्के. तासाला एक सिगारेट ओढणारा एकच सहकारी असला, तर खोली कधीच स्वच्छ होणार नाही.

जपानमधील हिरायामा यांनी १९८१ मध्ये, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या पण पती धूम्रपान करत असलेल्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे दाखवले. त्यानंतर अनेक देशांतून असेच निष्कर्ष आले. 'मी माझ्या पैशाने ओढतो, तुम्हाला काय त्याचे?' या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

कायदा काय सांगतो?

मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या व सार्वजनिक वाहने येथे धूम्रपानास मनाई केली. पुढे २००३ चा केंद्रीय कायदा झाला. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कामाच्या जागा, उपाहारगृहे व चित्रपटगृहेही त्यात स्पष्टपणे आणली. मोकळी जागा कायद्यातून वगळलेली आहे. मात्र रेल्वे स्थानक व बसथांबा यांना ही सवलत नाही. म्हणून गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर विडी ओढणे हा या कायद्याखाली गुन्हा होत नाही, पण तीच विडी बसस्थानकात ओढली तर होतो.

दंड २०० रुपयांपर्यंत आहे. अधिकार असलेली व्यक्ती तो जागेवरच वसूल करून पावती देऊ शकते. पैसे देण्यास नकार मिळाला, तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांकडे जाते.

अधिकार कोणाला?

नियमांसोबतची यादी शहापूर व मुरबाड तालुक्यांना लावून पाहू. फौजदार व त्यांच्या वरचे पोलीस अधिकारी तीत आहेतच. त्याखेरीज पंचायत समितीचे गटविकास अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी व गावचे सरपंच आहेत. पोस्टमास्तर व आसनगावसारख्या रेल्वे स्थानकाचे स्टेशनमास्तर आपापल्या जागेपुरते आहेत. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात तेथील प्रशासनप्रमुख, तर शाळेत मुख्याध्यापक किंवा प्रभारी शिक्षक.

यामागचा विचार समजण्यासारखा आहे. घाटमाथ्याजवळच्या पाड्यावर पोलीस रोज जाणार नाहीत, शिक्षक जातात. पण अडचणही तेथेच आहे. शाळेच्या आवारात विडी पेटवणारा माणूस विद्यार्थ्याचा बाप असतो, शाळा समितीचा सदस्य असतो, कधी स्वतः सरपंच असतो. ज्याच्याकडे उद्या शाळेच्या छपरासाठी शब्द टाकायचा, त्याला आज पावती कशी फाडायची? शहरातल्या अनोळखी अधिकाऱ्यापुढे हा पेच नसतो.

शिवाय दंडाचा धाक मर्यादित असतो. शंभर वेळा नियम मोडल्यावर एकदा पकडले जाण्याची शक्यता असेल, तर २०० रुपयांच्या दंडाचा हिशेब दर वेळेला २ रुपये एवढाच पडतो. म्हणून नियमांनी जागेच्या प्रमुखालाही जबाबदार धरले आहे. त्याने प्रवेशद्वाराशी ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावायचा, तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव त्यावर लिहायचे आणि राखदाणी, काडेपेटी यांसारख्या सोयी ठेवायच्या नाहीत. तक्रार येऊनही त्याने दुर्लक्ष केले, तर जितके गुन्हे घडले तितका दंड त्यालाच. नाव लिहिलेला फलक असला, की टोकणे हे वैयक्तिक भांडण राहत नाही. 'माझे नाव आहे तेथे, मला विचारतील,' एवढे म्हणता येते, आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते.

शंभर यार्डांचा धडा

एक गोष्ट मात्र विसरू नये. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर तंबाखू खाणारे वा मिश्री लावणारे २४.४ टक्के. धूम्रपानबंदीने हा दुसरा गट सुटतो. त्याला कायद्याचे सहावे कलम लागू पडते. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्रीच करता येत नाही.

१०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. हे अंतर रस्त्याने नव्हे, तर कुंपणाच्या बाहेरील कडेपासून सरळ रेषेत मोजायचे असते. नववीच्या वर्गाला टेप व होकायंत्र देऊन शाळेचा नकाशा काढायला लावावा आणि ही सीमारेषा त्यावर आखावी. प्रमाण, त्रिज्या व नकाशावाचन यांचा सराव होईल आणि कोणती टपरी आत येते तेही कळेल. टपरीवाल्याशी वाद घालण्यास मात्र मुलांना पाठवू नये. नकाशा मुख्याध्यापकांच्या सहीने ग्रामपंचायतीकडे व पोलीस ठाण्याकडे द्यावा. त्याआधी एक काम करावे: शिक्षकांच्या खोलीतील राखदाणी उचलावी. मुलांच्या नजरेतून ती सुटलेली नसते.